फोटो हलला आहे, म्हणजे नक्की काय झाले?

शाळेची सहल जाऊन आली, की आठवडाभरात तिचे फोटो शिक्षकखोलीत फिरू लागतात. पूर्वी ते पाकिटातून यायचे, आता मोबाईलच्या पडद्यावर येतात. त्यांच्यावरचे अभिप्राय मात्र फारसे बदललेले नाहीत. ‘छान!’, ‘मस्त आलाय’, ‘हा जरा हललाय’, ‘मागचं काही बरोबर वाटत नाही’, ‘कॅमेरा कुठला हो?’ एवढ्यावर बहुतेक वेळा चर्चा संपते.

ज्याने फोटो काढला त्याच्या जागी क्षणभर जाऊन पाहू. ‘छान’ ऐकून त्याला बरे वाटते, पण कशामुळे छान हे न कळल्याने पुढच्या वेळी तेच पुन्हा कसे साधायचे, हा प्रश्न तसाच राहतो. ‘बरोबर वाटत नाही’ हे ऐकून वाईट वाटते, आणि काय दुरुस्त करायचे तेही कळत नाही. दोन्ही अभिप्रायांत उपयोगी माहिती जवळजवळ शून्य असते.

आम्ही संशोधनाच्या क्षेत्रात काम करतो. शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याच विषयातले इतर संशोधक तो वाचून अभिप्राय लिहितात, अशी आमच्याकडे पद्धत आहे. ‘निबंध चांगला आहे’ एवढेच लिहिणारा परीक्षक लेखकाला सुखावतो, इतकेच. खरा उपयोग होतो तो ‘तिसऱ्या आलेखातले शेवटचे दोन बिंदू बाकीच्यांशी जुळत नाहीत, त्या वेळी तापमान स्थिर होते का?’ असे विचारणाऱ्याचा. त्याने आधी काय दिसले ते सांगितले, मग संभाव्य कारण सुचवले, आणि ते कारण लेखकाला स्वतः तपासून पाहता येते.

फोटोच्या बाबतीतही हे करता येते. प्रकाश, भिंग आणि वेळ यांनी मिळून केलेली ती एक नोंद असते. कॅमेऱ्याने त्या क्षणी काय केले, याच्या खुणा चित्रातच उमटलेल्या असतात. त्या वाचता आल्या तर आपला अभिप्राय आवडीनिवडीच्या पुढे जातो. निदान चुकले तर मात्र नुकसान होते. ‘तुझी लेन्स बदल’ या एका शेऱ्यावर विसंबून काही हजार रुपये खर्च करणारे हौशी लोक आम्ही पाहिले आहेत. दोष लेन्समध्ये नव्हताच. आणि नववीतल्या एखाद्या मुलीने मोठ्या उत्साहाने आणलेल्या पहिल्या फोटोवर ‘हललाय, दुसरा दाखव’ एवढेच ऐकले, तर दुसरा कधी येतच नाही.

हिमवादळातला फोटो

एकमेकांचे फोटो पाहून त्यांवर बोलण्याची हौस छायाचित्रणाइतकीच जुनी म्हणावी लागेल. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी एक. पेशाने डॉक्टर, हौसेने छायाचित्रकार.

अशा मंडळींच्या अभिप्रायाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जोराचे हिमवादळ चालू असताना आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हा तरुण हातात धरायचा लहान कॅमेरा घेऊन फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू या रस्त्यावर सुमारे तीन तास उभा राहिला. बर्फातून वाट काढत समोरून येणारी घोडागाडी त्याला हवी तशी मिळाली तेव्हा त्याने फोटो घेतला. त्या काळी चांगला फोटो म्हणजे तिवईवर मोठा कॅमेरा ठेवून काढलेला, कानाकोपऱ्यापर्यंत रेखीव फोटो, अशी समजूत होती. स्टिग्लिट्झने नंतर सांगितलेल्या हकिगतीनुसार, हौशी छायाचित्रकारांच्या संस्थेतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी ती निगेटिव्ह पाहिली आणि हे धूसर काहीतरी फेकून दे, असा सल्ला दिला. त्याने तो मानला नाही. निगेटिव्हचा मोजकाच भाग घेऊन त्याने छाप काढली, आणि ‘विंटर, फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू’ या नावाचे ते चित्र आज छायाचित्रणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत असते.

या गोष्टीवरून टीकाकारांना हसण्याची गरज नाही. चित्र धूसर आहे, हे त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. फसगत झाली ती त्यानंतर. हिमवादळात काय दाखवायचे होते, हे त्यांनी विचारले नाही. धूसर म्हणजे टाकाऊ, असा निकाल परस्पर देऊन टाकला. निरीक्षण आणि निकाल यांच्या मधे एक प्रश्न असतो, तोच गळला. (स्टिग्लिट्झ स्वतःही पुढे मोठा कडक टीकाकार झाला, पण तो वेगळा विषय आहे.)

हलला, पळाला की फोकस सुटला?

आता ‘हललाय’ या शेऱ्याकडे वळू. हौशी मंडळींत सर्वांत जास्त ऐकू येणारा आणि बहुधा सर्वांत जास्त चुकणारा शेरा हाच. चित्र अस्पष्ट येण्याची निदान चार वेगवेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. ताप आला म्हणून सगळ्यांना एकच गोळी देण्यासारखे हे आहे.

पहिले कारण म्हणजे कॅमेरा हलणे. शटर उघडे असताना हात थरथरला, तर समोरचे सगळे दृश्य एकाच दिशेने फरपटते. ओळखायचे कसे? चित्रात एखादा लहान तेजस्वी ठिपका शोधावा: दूरचा दिवा, पानावरचा दवबिंदू, डोळ्यातली चमक. कॅमेरा हलला असेल तर अशा प्रत्येक ठिपक्याची छोटी रेघ झालेली दिसते, आणि सगळ्या रेघा साधारण एकाच आकाराच्या असतात. माणूस, भिंत, झाड, कोणीच सुटत नाही. उपाय: कोपर अंगाला टेकवणे, खांबाला पाठ लावणे, तिवई वापरणे किंवा शटरचा वेग वाढवणे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी एक सोपा आडाखा होता. भिंगाचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर, सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा जास्त वेळ शटर उघडे ठेवू नये. ५० मिलिमीटरच्या भिंगाला १/५० सेकंद, २०० मिलिमीटरच्या भिंगाला १/२०० सेकंद. आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि मोबाईलमध्ये कंप कमी करणारी यंत्रणा असते, त्यामुळे हा आडाखा आता बराच सैल झाला आहे.

दुसरे कारण म्हणजे समोरचा विषय हलणे. समजा, कबड्डीच्या सामन्यात चढाई करणाऱ्या मुलाचा हात सेकंदाला ६ मीटर वेगाने जात आहे. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात हात १० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे पंजाच्या रुंदीहूनही जास्त. तो पुसटच येणार. १/५०० सेकंदात तोच हात १.२ सेंटिमीटर सरकेल आणि बऱ्यापैकी स्पष्ट दिसेल. या प्रकारात मैदानाची आखणी, मागचे प्रेक्षक, बांबूचे खांब हे सगळे रेखीव असते. पुसट असतो फक्त खेळाडू, आणि त्यातही त्याच्या छातीपेक्षा हातपाय जास्त. येथे तिवईचा उपयोग नाही, कंप कमी करणाऱ्या यंत्रणेचाही नाही, कारण कॅमेरा स्थिरच होता. शटरचा वेग वाढवायला हवा. त्यासाठी प्रकाश हवा, नाहीतर संवेदनशीलता वाढवून चित्रात थोडे दाणे येणे पत्करायला हवे. संध्याकाळी पाचच्या सामन्याऐवजी दुपारी तीनचा सामना निवडणे, हाही एक उपाय आहे आणि तो फुकट आहे.

तिसरे कारण फोकस चुकणे. येथे तेजस्वी ठिपक्याची रेघ होत नाही, त्याची गोल चकती होते. शिवाय चित्रात कोठेतरी काहीतरी रेखीव सापडतेच: चेहरा पुसट, पण मागच्या फळ्यावरची अक्षरे स्वच्छ, किंवा नाक पुसट आणि कान स्पष्ट. रेखीव भाग कोणत्या अंतरावर आहे हे शोधले, की भिंग कोठे रोखले गेले होते ते समजते. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवून मग फोटो घेतला असता तर काम झाले असते, एवढेच सांगायचे असते.

चौथे कारण अगदीच घरगुती आहे. भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असतो. त्यामुळे सबंध चित्रावर दुधट पडदा येतो आणि दिव्यांभोवती पिसाऱ्यासारखे तेजोवलय दिसते. मऊ सुती कापडाने पुसले, की दोष गेला. मोबाईल आल्यापासून हा प्रकार फार वाढला आहे, आणि महागड्या फोनला नावे ठेवण्याआधी तो तपासून पाहावा.

मोबाईलमुळे आणखी एक भानगड झाली आहे. अंधुक प्रकाशातल्या चित्रातले दाणे घालवण्यासाठी फोन स्वतःच चित्र गुळगुळीत करतो. मग केस, गवत, विणीचे टाके यांचा जलरंगात फटकारा मारल्यासारखा लगदा होतो, पण चेहऱ्याची कड मात्र धारदार राहते. यात काढणाऱ्याच्या हाताचा दोष काहीच नसतो.

म्हणजे ‘हललाय’ याऐवजी ‘मागचे खांब स्पष्ट आहेत, फक्त मुलगा पुसट आहे’ एवढे जरी म्हटले तरी अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काढणारा स्वतःच करतो.

पांढरा गणवेश, काळी म्हैस

‘फोटो काळपट आलाय’ हा दुसरा नेहमीचा शेरा. यामागची हकिगत विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरून येणारा प्रकाश मोजतो, पण समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला माहीत नसते. म्हणून दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परावर्तित करणारे आहे, असे तो धरून चालतो. २६ जानेवारीला पांढऱ्या गणवेशातली सगळी शाळा उन्हात उभी केली, की मापकाला वाटते प्रकाश फार झाला. तो चित्र गडद करतो आणि गणवेश मळकट राखाडी येतात. काळ्या म्हशीने चौकट भरली, की उलटे होते आणि म्हैस करडी दिसते. नव्या कॅमेऱ्यांत चेहरे ओळखून किंवा दृश्याचे अनेक भाग पाडून मोजणी होते, त्यामुळे चूक पूर्वीइतकी होत नाही, पण होते. पांढऱ्या दृश्याला मापक सांगेल त्यापेक्षा थोडा जास्त प्रकाश द्यावा आणि काळ्याला थोडा कमी. सुरुवातीला हे उलटे वाटते, म्हणूनच कोणीतरी सांगावे लागते.

चेहरा मोबाईलवर बेढब येतो, नाक मोठे दिसते, ही तक्रारही अशीच. दोष भिंगाला दिला जातो. खरे कारण अंतर. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे आहेत असे धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर, म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटणार. दीड मीटरवरून काढला तर हे गुणोत्तर १६२ भागिले १५०, म्हणजे जेमतेम १.०८. चार पावले मागे जाऊन चित्र कातरून घेतले, तर तोच फोन आणि तेच भिंग असूनही चेहरा सुधारतो. वर्गात पट्टी घेऊन हे पाच मिनिटांत दाखवता येते.

रचनेबद्दल बोलताना मात्र जपून. चौकटीचे तीन-तीन भाग पाडून मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवावी, हा ‘तृतीयांशाचा नियम’ हौशी लोक न्यूटनच्या नियमासारखा सांगतात. त्याला हे नाव दिले जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने, १७९७ साली, निसर्गचित्रांविषयीच्या पुस्तकात. कॅमेरा तेव्हा जन्मायचा होता. आडाखा म्हणून तो ठीक आहे, पण ‘नियम मोडला’ हे निरीक्षण होत नाही. ‘माझी नजर आधी कोपऱ्यातल्या पाटीवर गेली’ हे निरीक्षण होते, आणि ते नाकारता येत नाही, कारण पाहणाऱ्याची नजर खरोखरच तिकडे गेलेली असते.

बोलायचे कसे

अभिप्रायाने काम सुधारते, हे आपण गृहीत धरतो. १९९६ मध्ये क्लूगर आणि डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी अभिप्रायाच्या परिणामांवरचे जुने अभ्यास एकत्र करून ६०० हून अधिक निष्कर्षांची तुलना केली. सरासरीने अभिप्रायाचा फायदाच होत होता; पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी आधीपेक्षा खालावली होती. त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की अभिप्राय लक्ष कामावरून काढून माणसाच्या ‘स्व’कडे नेऊ लागला, की त्याचा गुण कमी होतो. शिक्षकांना हे वाचून फारसे आश्चर्य वाटणार नाही. ‘तुला कॅमेरा सरळ धरता येत नाही’ आणि ‘समुद्राची रेघ उजवीकडे उतरली आहे’ ही दोन वाक्ये एकाच दोषाबद्दल आहेत. पहिल्या वाक्याचा विषय मुलगा आहे, दुसऱ्याचा समुद्र. ‘तू हुशार आहेस, तुझी नजरच वेगळी’ हे कौतुकही पहिल्याच जातीचे आहे, म्हणून आम्हाला त्याचेही फारसे प्रेम नाही.

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग याच्याशी जोडून पाहावा. काही मुलांना कामाबद्दल फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, आणि काहींना गुण व शेरा दोन्ही. नंतरच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. फोटोंना क्रमांक देण्याची किंवा अंगठे मोजण्याची ज्यांना घाई असते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्ष संभाषण फार लांबलचक असावे लागत नाही. जात्यावर दळणाऱ्या आजींचा फोटो एका शिक्षिकेने आणला आहे, असे समजा.

‘मॅडम, यात तुम्हाला नक्की काय दाखवायचं होतं?’

‘आजींचे हात, सर. खुंट्यावरचे.’

‘हातांवरच्या सुरकुत्या फार सुरेख आल्यात, बाजूनं उजेड पडलाय म्हणून. पण माझी नजर आधी मागच्या खिडकीकडे गेली. ती फार उजळ आहे. हातांपाशी मी नंतर आलो.’

‘हो की. मी दोन पावलं डावीकडे सरकले असते, तर खिडकी आलीच नसती.’

उपाय सरांनी सांगितला नाही, मॅडमनी शोधला. शिवाय चांगले काय आहे तेही कारणासकट सांगितले गेले. बाजूच्या प्रकाशाने पृष्ठभागाचे उंचसखलपण उठून दिसते, हे मॅडम आता पुढच्या वेळी मुद्दाम वापरतील.

सांगण्यासारखे दोष पाच असतील तर पाचही सांगू नयेत. काही गोष्टी आत्ताच बदलता येतात: कातरणे, उजळ करणे, तिरकी रेघ सरळ करणे. काही पुढच्या वेळी बदलता येतात: उभे राहण्याची जागा, वेळ, शटरचा वेग. आणि काही कधीच बदलत नाहीत. त्या दिवशी आभाळ भरून आले होते, त्याला कोण काय करणार? तिसऱ्या प्रकाराबद्दल गप्प बसावे आणि दुसऱ्यातली एकच गोष्ट निवडावी.

आपल्याकडे एक अडचण वयाची आणि मानाची असते. मुख्याध्यापकांनी फोटो दाखवला, की सगळे ‘वा सर!’ म्हणतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे वडीलधाऱ्याने आधी मत दिले, की धाकटे त्याच मताची री ओढतात. यावर एक साधी युक्ती चालते: बोलण्याची सुरुवात सर्वांत लहान माणसाने करायची आणि ज्येष्ठांनी शेवटी बोलायचे.

वर्गात करून पाहण्यासारखे

चार-पाच विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी एक फोटो घ्यावा. छापील प्रत असेल तर उत्तम, नसेल तर मोठ्या पडद्यावर दाखवावा. कोणी काढला हे आधी सांगू नये. फोटोत ओळखीची माणसे असतील तर त्यांना विचारून घ्यावे. पहिली दोन मिनिटे कोणी बोलायचे नाही, नुसते पाहायचे. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर तीनच ओळी लिहायच्या: नजर आधी कोठे गेली, चित्रात काय दिसते (चांगले-वाईट हे शब्द वापरायला बंदी), आणि काढणाऱ्याला विचारायचा एक प्रश्न. ‘छान’ या शब्दावरची बंदी मुलांना फार जड जाते, आणि खरी गंमत तेथेच सुरू होते.

चिठ्ठ्या वाचून झाल्यावर फोटो काढणाऱ्याने उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावीत. आधी नाही, आधी बोलू दिले, की तो समर्थन करत बसतो. छापील प्रत असेल तर पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या फोटोवर मागेपुढे सरकवून चौकट लहानमोठी करून पाहता येते. स्टिग्लिट्झने निगेटिव्हचे जे केले तेच हे. एखादा फोटो पुसट असेल तर भिंग घेऊन तेजस्वी ठिपका शोधायला लावावे: रेघ की चकती? यावर वर्गाचे दोन तट पडले तर पडू द्यावेत. कॅमेरा हातात असतोच. मुद्दाम हलवून एक फोटो काढावा, मुद्दाम फोकस चुकवून दुसरा काढावा, आणि दोन्ही मूळ फोटोशेजारी ठेवून पाहावेत.

चिठ्ठ्या फोटो काढणाऱ्याकडेच राहू द्याव्यात. पंधरा दिवसांनी त्याने त्याच विषयाचा दुसरा फोटो आणला, तर जुना फोटो, नवा फोटो आणि त्या चिठ्ठ्या एकाच पाकिटात ठेवाव्यात. विज्ञान प्रदर्शनात मांडायला असे दहा-बारा पाकिटांचे टेबल पुरते.